फ्रिजचा पांढरा

शेजाऱ्याचा टेम्पो मी माझ्याच फाटकाच्या खांबाला घासला, आणि त्याला कळू नये म्हणून अंगणात बसून त्यावर स्प्रेने पांढरा रंग मारला.

चूक एवढीच. एका वाक्यात बसते. एवढ्यावर थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो, आणि ओढ्यापलीकडच्या रस्त्याने जाताना मान खाली घालायची वेळही आली नसती. पण माझं असं आहे की एक चूक केली की ती एकटी बिचारी कशी राहील म्हणून मी तिला सोबत आणून देतो.

आमचं घर कामशेतहून पवनेच्या बाजूला जाताना लागतं. लोणावळ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी केली, निवृत्त झालो आणि इथे येऊन राहिलो. निवृत्त माणसाने झोपाळ्यावर बसावं अशी माझी फार दिवसांची कल्पना. योगायोगाने लोणावळ्यात एका जुन्या बंगल्याचं हॉटेल करायला घेतलं होतं आणि तिथला शिसवी झोपाळा निघाला होता. फळी, कड्या, पितळी साखळ्या, सगळं सुटं करून ठेवलेलं. आजच्या आज घेऊन जा, उद्या भंगारवाला येणार, असा तिथल्या मुकादमाचा निरोप. आता एवढा ऐवज स्कूटरवर थोडाच येतोय?

म्हणून मी ओढ्यापलीकडे गेलो. तिकडे डोंगराच्या अंगाला दहाबारा घरांची वस्ती आहे. तिथल्या एकाचा पिकअप टेम्पो आहे. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला आबा म्हणतो. दोन खाचरं भात, आणि बाकी सगळा संसार या टेम्पोवर. पहाटे दूध, मग कुणाचं भात, कुणाचा पेंढा, लग्नसराईत वऱ्हाड. टेम्पो घेतला तेव्हा पांढरा होता. आता चहात बुडवलेल्या खारीच्या रंगाचा झालाय, पण भाऊ त्याला अजून पांढराच म्हणतो.

दिवाळी होऊन गेलेली. वस्तीवर भाताची झोडणी चालली होती.

"आज न्हाई जमायचं आबा," तो म्हणाला. हातात भाताची पेंढी, अंगभर तिची टोचरी कूस. "उद्या म्या येतो की संगं."

"तू कशाला येतोस? चावी दे. मला येतं चालवायला."

"तुमी तर रेल्वेत व्हता."

"मग? रेल्वेतल्या माणसाला काय हात नसतात?"

तो हसला. मग खळ्यावरून उतरला, टेम्पोतली रिकामी पोती काढली आणि टेम्पो मोकळ्यावर आणायला निघाला. गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरच्या दारामागे, माल ठेवायच्या हौद्याच्या कोपऱ्यावर त्याने उजवा तळहात टेकवला, जरा थांबला, मग दार उघडलं. हे मी कितीदा तरी बघितलं होतं. बैलाच्या पाठीवर थाप मारतात तसं काहीतरी असेल, असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधी नाही. मला माहीत नसलेल्या गोष्टी मी विचारत नाही, धरून चालतो.

"चारला भात न्यायचंय गिरनीला," चावी देताना तो म्हणाला. "तवर आना म्हंजी झालं."

लोणावळ्याला गेलो, मुकादमाने माणसं लावून झोपाळा चढवून दिला, परत निघालो. जुन्या हायवेने येताना मी गाणं म्हणत होतो हे कबूल करतो. उंचावर बसलं की माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं. कामशेतच्या बाजारातून जाताना दोन ओळखीच्यांना हॉर्न वाजवून हात केला. एक भाजीवाली म्हणाली, "आता ह्ये काय नवीन?" मला ते कौतुक वाटलं.

आणि मग माझं फाटक आलं.

फाटकाच्या दोन्ही खांबांना मी हौसेने काळ्या दगडाचे कपचे लावून घेतलेत. बांधतानाच बायको म्हणाली होती, अहो, वाट अरुंद होतेय. मी म्हणालो होतो, आपल्याकडे कोण हत्ती घेऊन येणार आहे? तर मी उजवीकडे वळलो, आणि उजव्या अंगाला खर्रर्र असा आवाज आला. शहाणा माणूस थांबला असता. मला वाटलं चाकाखाली खडी आली, म्हणून जरा जास्त रेस दिली.

उतरून बघितलं. ड्रायव्हरच्या दारामागून हौद्याच्या कोपऱ्यापर्यंत दीड हात लांब ओरखडा, किसणीवर धरल्यासारखा. पत्रा आत गेला नव्हता, रंग मात्र सोलून निघाला होता. खांबाला काही झालं नव्हतं. बांधकाम उत्तम.

साडेअकरा वाजले होते. आता सरळ काय होतं? झोपाळा उतरवायचा, टेम्पो ओढ्यापलीकडे न्यायचा आणि म्हणायचं, भाऊ, घासला रे माझ्याकडून. तो म्हणाला असता, जाऊ द्या आबा, गाडी म्हनल्यावर घासनारच. शंभर टक्के असंच म्हणाला असता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण "मला येतं चालवायला" हे वाक्य सकाळी खळ्यावर पाचसहा माणसांसमोर म्हणालो होतो. ती पाचसहा माणसं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं.

कामशेतला गॅरेज आहे. पण तिथल्या मिस्त्रीला हा टेम्पो स्वतःच्या सासऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा. मी तिथे नेला असता तर मी परत यायच्या आत बातमी वस्तीवर पोचली असती. म्हणून झोपाळा एकट्याने एकेक तुकडा करून उतरवला, टेम्पो घराच्या मागच्या अंगणात नेऊन लावला आणि स्कूटरवरून कामशेत गाठलं.

"पांढरा स्प्रे द्या," स्टेशनजवळच्या रंगाच्या दुकानात मी म्हणालो.

"कशाला मारायचाय?"

साधा प्रश्न. पण चोराला चावडीवरचा दिवाही पोलिसासारखा दिसतो. समोर कोपऱ्यात फ्रिजखाली ठेवायची स्टँडं रचून ठेवलेली होती, त्यांच्याकडे बघत मी म्हणालो, "फ्रिजला."

"बरं झालं सांगितलंत," दुकानदार म्हणाला. "गाडीचा पांढरा वेगळा येतो. त्यातही गाडी जुनी असली तर समोर आणावी लागते, जुळवून द्यावा लागतो. हा फ्रिजचा. हा गाडीला मारला तर पुण्यातून दिसेल."

इथेसुद्धा वेळ गेली नव्हती. मी म्हणू शकलो असतो, अहो चुकलं, गाडीलाच हवाय. पण एकदा फ्रिज म्हटल्यावर आता गाडी कशी म्हणणार?

"नाही नाही, फ्रिजलाच," मी म्हणालो.

त्याने डबा दिला, पॉलिशपेपर दिला, वर न मागता सल्लाही दिला. "आधी घासून घ्या. पातळ थर मारायचा. हातभर लांबून. एका जागी धरायचं नाही, ओघळ येतात. दोन थरांच्या मध्ये अर्धा तास सोडा. आणि वारं असलं तर मारूच नका."

यातलं घासून घ्या एवढंच मी नीट ऐकलं, आणि तेच नेमकं ऐकायला नको होतं.

बायको त्या दिवशी उर्शाला माहेरी, भाचीच्या मुलीच्या बारशाला गेली होती, तीनपर्यंत येणार होती. घरात मी एकटा, अंगणात टेम्पो. आधी ओल्या फडक्याने चिखल पुसला. चिखलाखाली ओरखड्याच्या वरच्या टोकाला काही लालसर पट्टे दिसले. विटकरी, उडालेले. तीन पूर्ण, चौथा अर्धाच. खाली एक पसरट डाग. कुणातरी रंगाऱ्याचा बरबटलेला हात गाडीला लागला असणार. मी मनात म्हणालो, काय माणसं असतात, दुसऱ्याच्या गाडीला हात पुसतात. आणि मग माझ्यातला सज्जन जागा झाला. नाहीतरी घासतोच आहोत तर हेही घासून टाकू. भाऊचा टेम्पो होता त्यापेक्षा चांगला करून देऊ.

ते पट्टे सहज निघाले नाहीत. तेलाचा रंग होता, पत्र्याला धरून बसलेला. ओरखड्याला मी दहा मिनिटं दिली असतील, त्या पट्ट्यांना अर्धा तास दिला. पॉलिशपेपरचा अख्खा तुकडा संपला. शेवटचा अर्धा पट्टा गेला तेव्हा मी घाम पुसून जरा मागे सरकलो आणि स्वतःवर खूश झालो. त्या अर्ध्या तासातली ती खुशी आठवली की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

मग कडेने वर्तमानपत्र लावलं, चिकटपट्टीने. चष्म्यावर रंग उडेल म्हणून चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय मला हातभर अंतरावरचं दिसत नाही, म्हणून चार बोटांवरून रंग मारला. फुस्स करून पांढरा गोळा उठला, आणि बघता बघता त्याला पाय फुटून ते खाली पळायला लागले. ओघळ बोटाने पुसले. बोटाचे वळ उमटले. वळ झाकायला परत मारला. खाली पवनेकडून वारं सुटलं होतं, त्याने एक वर्तमानपत्र उचलून ओल्या रंगावर थापलं. ते सोलून काढलं तर पत्र्यावर अर्धी जाहिरात उलट्या अक्षरांत राहिली. ती झाकायला आणखी एक थर.

चष्मा लावून लांबून बघितलं. खारीच्या रंगाच्या टेम्पोवर झळझळीत पांढरं ठिगळ. आता कडा दिसतात म्हणून कडेला मारलं. मग त्या कडेची कडा दिसायला लागली. ठिगळ मोठं होत गेलं. दोन वाजता ते ताटाएवढं होतं, अडीचला पाटाएवढं. डबा रिकामा होऊन नुसतीच हवा यायला लागली तेव्हा मी थांबलो. रंग संपला म्हणून थांबलो, अक्कल आली म्हणून नव्हे.

बायको आली ती मागच्या दारानेच.

"तुळस पांढरी कशी झाली?" तिने पहिल्यांदा हे विचारलं. मग माझ्याकडे बघितलं. "आणि तुमच्या भुवया?" मग टेम्पोकडे. "अगं बाई. हे काय, टेम्पोला फ्रिजचं दार बसवलंय का?"

कामशेतच्या दुकानात मी काय खोटं बोललो हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

सगळं सांगितलं. खांब, ओरखडा, स्प्रे. ती ऐकता ऐकता टेम्पोजवळ गेली, वाकून बघायला लागली. मग सरळ झाली.

"अहो, इथला हात कुठे गेला?"

"कुठला हात?"

"मावशींचा."

मला अजून कळेना. मी म्हणालो, "कुठल्या मावशी?"

तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती सांगता येणार नाही. हळूच म्हणाली, "अहो, रंग तुम्हीच दिला होता ना?"

आणि मग सगळं एकदम आठवलं.

मावशी म्हणजे भाऊची आई. माझ्या नोकरीच्या काळात ती रानातली भाजी घेऊन लोणावळ्याला यायची आणि पार्सल ऑफिसच्या भिंतीच्या सावलीत टोपली मांडून बसायची. मला चेष्टेने सायेब म्हणायची. कर्टोली घेतली की वर दोन मुठी जास्त टाकायची, आणि मी नको म्हटलं की म्हणायची, "तुला न्हाई, तुज्या बायकोला." उजव्या हाताची करंगळी विळ्याने अर्धी गेलेली होती. त्या हाताने ती भाजी मोजायची नाही, उचलून द्यायची.

टेम्पो नवा आला तेव्हा पूजेला आम्ही दोघं गेलो होतो. चाकांखाली लिंबं, नारळ, पेढे. मावशीने ताटात कुंकू कालवलं आणि हात बुडवून ठसा उमटवायला निघाली, तेवढ्यात मी, पार्सल ऑफिसात दहा हजार खोक्यांवर शिक्के मारलेला तज्ज्ञ माणूस, पुढे झालो. "मावशी, कुंकू आपल्याकडच्या पावसात किती दिवस राहणार? थांबा." घरी जाऊन फाटकाचा उरलेला लाल ऑइलपेंट घेऊन आलो. परातीत ओतताना त्यातला थोडा मावशीच्या नव्याकोऱ्या लुगड्यावर सांडला. तिने लुगड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग परातीत हात बुडवून ड्रायव्हरच्या दारामागे असा दाबून धरला की आम्हाला वाटलं आता पत्रा आत जातो. मग लेकाच्या कानाशी लागून काहीतरी बोलली, आणि दोघं खदखदून हसली.

"काय म्हणाल्या मावशी?" मी विचारलं.

"काय न्हाई सायेब. पेढा खा."

घरी येताना मी बायकोला म्हणालो होतो, माझ्या डोक्याचं कौतुक केलं असणार. गेली सहा वर्षं मी तसंच धरून चाललो होतो.

मावशी दोन वर्षांमागे गेली. तिचा धड फोटोही नाही. आधार कार्डावरचा मोठा करून भाऊने भिंतीला लावलाय, त्यात ती घाबरलेली दिसते. ती कधी घाबरलेली मी तरी पाहिली नव्हती. तिचं तिच्यासारखं काही उरलं होतं तर ते त्या टेम्पोवर होतं. तीन बोटं, अर्धी करंगळी, पसरट तळवा. अंगठा काय तो पावसाने नेला होता. सहा पावसाळ्यांना जे जमलं नाही ते मी अर्ध्या तासात केलं होतं.

"आता तो आला की पहिल्यांदा हेच सांगा," बायको म्हणाली. "खांबाचं मागून."

"हो."

"सांगणार ना?"

"हो म्हटलं ना."

"मी चहा ठेवते. मध्ये पडणार नाही."

चार वाजायला दहा मिनिटं असताना फाटक वाजलं. भाऊ चालत आला होता, अंगावर कूस तशीच. मागच्या अंगणात आला, टेम्पो बघितला आणि थबकला. मी तोंड उघडलं. आतून खरं बाहेर येणार होतं, अगदी ओठांवर होतं. पण बाहेर पडलं ते असं:

"रंग उडाला होता रे तिथला. म्हटलं, तू एवढी गाडी दिलीस, तर जरा टचअप करून देऊ."

माझा आवाज मलाच ऐकू आला. दानशूर माणसाचा आवाज होता. आत स्वयंपाकघरात कपबशी जोरात ठेवल्याचा आवाज झाला.

भाऊने त्या फ्रिजच्या दाराकडे बघितलं. त्याला तो रंग आवडला असेल असं मला वाटत नाही. पण माणूस मनाचा मोठा.

"कशापायी तरास घेतला आबा," तो म्हणाला. "लय केलंत."

लय केलंत. हे शब्द मी खाली मान घालून घेतले, आणि वर "अरे, त्यात काय," असंही म्हणालो.

त्याने चावी घेतली. "निघतो मंग. गिरनी बंद व्हईल." आणि दाराकडे जाता जाता, सवयीने, न बघता, उजवा तळहात उचलला आणि दारामागे टेकवला.

मी एवढे थर दिले होते की रंग वरून सुकलेला आणि आतून लोण्यासारखा मऊ होता. हात रुतला. काढताना चिकटला, च्यक् असा आवाज आला. त्याने तळहात समोर धरून बघितला. पांढराफेक. मग पत्र्याकडे बघितलं. मग वाकला, अगदी जवळून बघितलं, जसं आपण हरवलेली सुई शोधतो तसं. वर बघितलं, बाजूला बघितलं, आपण चुकीच्या जागी तर शोधत नाही ना असं.

"आबा," तो म्हणाला, "हितं हात व्हता."

आणि मी म्हणालो, "कुठला हात?"

बायकोला हेच विचारलं होतं तेव्हा मला खरंच आठवत नव्हतं. आता आठवत होतं. शब्द तेच होते.

तो मला समजावून सांगायला लागला. विसरलेल्या म्हाताऱ्याला सांगतात तसं, न चिडता. "आयचा. आवं, पूजेला न्हाई का, तुमीच रंग आनलावता. तुमी म्हनलावतात कुक्कू ऱ्हायाचं न्हाई. त्यो."

आता मात्र माझ्यात खोटं बोलायची ताकद उरली नाही. सगळं सांगितलं. सांगताना खांब आधी आला, मग फ्रिज, मग पॉलिशपेपर. हात शेवटी आला. बायकोने सांगितलं होतं त्याच्या अगदी उलट.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पांढरा हात पँटीला पुसला, निघेना, मग डाव्या हाताने दार उघडून बसला. टेम्पो मागे घेतला, वळवला आणि त्याच अरुंद फाटकातून दोन्ही बाजूंना वीत वीत जागा ठेवून बाहेर काढला. चहा तसाच राहिला.

पुढचे चारपाच दिवस मी अंगणाबाहेर पडलो नाही. झोपाळा टांगून घेतला, पण त्यावर बसावंसं वाटेना. ओढ्यापलीकडचं खळं माझ्या खिडकीतून दिसतं. उजाडता, दूध न्यायच्या वेळी, भाऊ टेम्पोजवळ यायचा. हात वर जायचा. अर्ध्यात थांबायचा. मग दाराच्या मुठीवर जायचा. रोज. रोज त्याचा हात विसरायचा आणि रोज त्याला मध्येच आठवायचं.

पाचव्या दिवशी मी अडगळीतून लाल ऑइलपेंटचा तो जुना डबा शोधून काढला. वर जाड साय धरली होती, पण खाली रंग ओला होता. बायको म्हणाली, "तो डबा कशाला नेताय?" मी म्हणालो, बघ तू. "बघितलंय," ती म्हणाली. तरी गेलो.

टेम्पो खळ्यावर उभा होता. त्या पांढऱ्या ठिगळावर भाऊचा स्वतःचा तळहात रुतलेला तसाच सुकला होता. पाची बोटं पूर्ण. त्याने तो घासलाही नव्हता आणि झाकलाही नव्हता.

भाऊ पोती शिवत बसला होता. मला बघून उठला, आत बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. मला बसायला पोतं दिलं. मला वाटलं होतं तो तोंड फिरवेल. चहाचं मी काही योजलं नव्हतं.

"भाऊ," मी म्हणालो, "चुकलं. फार चुकलं. घासलं ते चुकलं, तुझ्याशी खोटं बोललो ते त्याहून चुकलं. मी टेम्पो कामशेतला नेतो, पुरा रंगवून देतो. त्याच्या मूळच्या पांढऱ्यात."

"नगं."

"बरं. मग असं करू." मी डबा पुढे धरला. एवढं होऊनही माझ्या डोक्यात कल्पना येणं थांबलेलं नव्हतं. "रंग तोच आहे. तेव्हाचाच. तुझ्या घरच्यांचा हात उमटवू त्याच जागी. तेवढंच आपलं..."

त्याने डब्याकडे बघितलं.

"डबा खाली ठेवा आबा," तो म्हणाला.

मी ठेवला. तो शांतपणे परत खाली बसला, दाभण हातात घेतलं, दोरा ओढला.

"पूजेच्या दिशी आय माज्या कानात काय बोलली, ठाव हाये तुमाला?"

मी मान हलवली.

"म्हनली, ह्यो मानूस लय भला हाये, पन ह्याच्या हातात कंदी कायबी देऊ नगंस. आन् म्या येड्यानं चावी दिली."